मेन्टेनरकडे तुमचा बोर्ड नसतो: ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये जातो कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका बोर्डावर आय-टू-सी या बसवर (चिपांना एकमेकांशी बोलायच्या तारांवर) हवेचा दाब मोजणारा सेन्सर जोडलेला आहे. चिप बनवणाऱ्या कंपनीने दिलेल्या ५.१० या लिनक्स कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर) त्याचा ड्रायव्हर लिहिला आणि तो वर्षभर बिनतक्रार चालतोय. मुख्य कर्नलमध्ये जावा म्हणून तो दोनदा पाठवला. पहिल्या खेपेला एका बॉटने, म्हणजे आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रामने, बिल्ड (कोडपासून प्रोग्राम बांधणं) मोडल्याचं कळवलं, दुसऱ्या खेपेला कोणी चकार शब्द काढला नाही. चुकतंय कुठे, आणि किती चाचणी केली म्हणजे पुरे?

‘वर्षभर बिनतक्रार चालतोय’ याचं तुम्हाला अप्रूप वाटणं साहजिक आहे. मेन्टेनरला, म्हणजे कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्या माणसाला, मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. त्याच्याकडे तुमचा बोर्ड नाही, सेन्सर नाही आणि बहुतेकदा डेटाशीट, म्हणजे चिपची माहितीपुस्तिकाही नाही. ड्रायव्हर एकदा घेतला की तो त्याच्या गळ्यात पडतो. उद्या तुम्ही नोकरी बदलाल, कंपनी तो सेन्सर बनवणं थांबवेल, पण कर्नलच्या आतले इंटरफेस बदलतच राहतील आणि प्रत्येक बदलाच्या वेळी कुणीतरी अनोळखी माणूस तुमच्या फाइलला हात लावेल, तोही चिप डोळ्यांनी न पाहता. त्यामुळे मेन्टेनर पॅच (पाठवलेला बदल) वाचतो तेव्हा त्याच्या मनात एकच हिशोब चालू असतो: हे हार्डवेअर हाताशी नसताना हा कोड सांभाळता येईल का? पुढे मी जे सांगणार आहे ते सगळं या हिशोबाभोवतीच फिरतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट तपासा, कारण तिने अख्खं काम वाचू शकतं. नवा ड्रायव्हर खरंच लागतो का? दाबाचे सेन्सर कर्नलमधल्या आयआयओ या सेन्सरांच्या उपप्रणालीत येतात आणि तिथे बरेच ड्रायव्हर आधीपासून आहेत. बॉशच्या सेन्सरांसाठीचा बीएमपी२८० ड्रायव्हर घ्या. तो एकटाच जुन्या बीएमपी०८५ पासून बीएमपी५८० पर्यंत अख्खं कुटुंब सांभाळतो. तुमच्या चिपचा रजिस्टर नकाशा (आतल्या माहितीच्या कप्प्यांची मांडणी) आधीच्या एखाद्या चिपशी ऐंशी टक्के जुळत असेल, तर सातशे ओळींच्या नव्या फाइलऐवजी त्या ड्रायव्हरमध्ये एक तक्ता आणि एक नवं नाव घालून भागतं. असा पॅच तीन दिवसांत घेतला गेलेला मी पाहिलाय. उलट, असलेल्या ड्रायव्हरची नक्कल करून नवी फाइल पाठवली की पहिलंच उत्तर येतं, ‘यात आणि त्यात फरक काय?’ आणि गाडी तिथेच अडते.

आता ५.१० बद्दल. हा कर्नल डिसेंबर २०२० चा. त्यावर चालणारा कोड आजच्या कर्नलवर बहुधा बिल्डच होत नाही. साधं उदाहरण द्यायचं तर आय-टू-सी ड्रायव्हरचं रिमूव्ह फंक्शन (ड्रायव्हर सोडताना चालणारं) पूर्वी एक आकडा परत करायचं, ६.१ पासून ते काहीच परत करत नाही. तुमच्या पहिल्या खेपेला बॉटने जे पकडलं त्यात हे असणारच, अशी मी पैज लावायला तयार आहे. कंपनीच्या कर्नलवर लिहून, उचलून, वर नेऊन ठेवायचं, असं इथे चालत नाही. ज्या उपप्रणालीत पॅच जायचा आहे तिच्या ट्रीची (कोडच्या साठ्याची) ताजी ब्रँच घ्यायची, तिच्यावर ड्रायव्हर आणायचा आणि तोच कर्नल बोर्डावर बूट करून चाचणी घ्यायची. ‘पण आमचा बोर्ड मुख्य कर्नलवर बूटच होत नाही’ असं असेल, तर खरं काम तिथून सुरू होतं. निदान सिरियल कन्सोल आणि आय-टू-सी चालेल एवढं तरी आधी उभं करा. जो कोड ज्या कर्नलवर चालवून पाहिला नाही, तो त्या कर्नलसाठी पाठवायचा नाही. हे उघड वाटतं, पण निम्मे लोक इथेच घसरतात.

बोर्डाचं वर्णन ड्रायव्हरच्या बाहेर का ठेवायचं, याला थोडा इतिहास आहे. पूर्वी आर्म प्रोसेसरच्या प्रत्येक बोर्डासाठी कर्नलमध्ये सी भाषेतली वेगळी फाइल असायची. त्या फायली इतक्या माजल्या, की २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी आर्मच्या या पसाऱ्याबद्दल चारचौघांत तोंड सोडलं. त्यानंतर आर्मची मंडळी डिव्हाइस ट्रीकडे, म्हणजे बोर्डावर काय जोडलंय ते सांगणाऱ्या वेगळ्या फाइलकडे, वळली आणि चिप बनवणाऱ्यांचे पॅच एका ठिकाणी गोळा करणारी वेगळी ट्री निघाली. त्याचा आज तुमच्यावर परिणाम असा, की ड्रायव्हरच्या आधी बाइंडिंग लागतं. बाइंडिंग म्हणजे या चिपचं वर्णन डिव्हाइस ट्रीमध्ये कसं करायचं, याची यॅमल या मजकुरी स्वरूपातली फाइल.

इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. बाइंडिंगमध्ये हार्डवेअर लिहायचं असतं, लिनक्स नाही. माझ्या पहिल्या बाइंडिंगमध्ये मी ‘किती मिलिसेकंदांनी वाचायचं’ असा एक गुणधर्म घातला होता आणि तो मला फार सोयीचा वाटत होता. उत्तर एका ओळीचं आलं: हा चिपचा गुण नाही, वापरणाऱ्याची मर्जी आहे, काढून टाका. बरोबरच होतं ते. उलट बाजूने, चिपला वीज देणारे रेग्युलेटर मी लिहिलेच नव्हते, कारण माझ्या बोर्डावर ती वीज कायम चालू असायची. पण चिपला दोन वीजपुरवठे लागतात हे डेटाशीटमधलं सत्य आहे, माझ्या बोर्डावर ते बंद करता येत नाहीत हा योगायोग. दुसऱ्याच्या बोर्डावर ते बंद होत असतील. बाइंडिंग एकदा आत गेलं की ते करारासारखं असतं. जुनी डिव्हाइस ट्री फाइल नव्या कर्नलवर चालायलाच हवी. म्हणून बाइंडिंग तपासणारी मंडळी ड्रायव्हरपेक्षा त्याच्यावर जास्त कीस काढतात. नावातही चूक करू नका. कॉम्पॅटिबल नावात (ज्यावरून कर्नल चिपचा ड्रायव्हर शोधतो) ‘अमुक-५एक्सएक्स’ अशी सगळ्यांना झाकणारी नावं चालत नाहीत. प्रत्येक चिपचं पूर्ण नाव हवं, आणि कंपनीचा उपसर्ग यादीत नसेल तर तो यादीत घालणारा वेगळा पॅच हवा. पाठवण्याआधी बाइंडिंग तपासणारी मेक आज्ञा चालवा. ती न चालवता पाठवलेलं बाइंडिंग लगेच ओळखू येतं, कारण त्यांच्याकडचा बॉट ती चालवतोच.

यूजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरच्या ॲपांना, दिसणारी बाजूही अशीच कराराची. आयआयओमध्ये दाब किलोपास्कलमध्ये द्यायचा असतो आणि तापमान अंश सेल्सिअसच्या हजाराव्या भागात. तुमचा ड्रायव्हर वर्षभर हेक्टोपास्कल देत असेल आणि तुमचं ॲप तेच वाचत असेल, तर ॲप बदला. यावर वाद घालून कुणी जिंकल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

मग पॅचची विभागणी. पहिला बाइंडिंगचा, दुसरा ड्रायव्हरचा, आणि बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीत सेन्सर जोडणारा तिसरा. तिसऱ्याची वाट वेगळी आहे. ड्रायव्हर आयआयओच्या ट्रीतून, तिथून ज्येष्ठ मेन्टेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्या ट्रीतून लिनसकडे जातो. बोर्डाची फाइल मात्र त्या प्रोसेसरच्या मेन्टेनरमार्फत जाते. म्हणून ‘माझा तिसरा पॅच का नाही घेतला?’ असं आयआयओवाल्याला विचारण्यात अर्थ नाही. मालिकेतला प्रत्येक पॅच आपल्या पायावर बिल्ड झाला पाहिजे, नाहीतर पुढे बायसेक्ट करणारा (बिघाड कुठल्या पॅचपासून सुरू झाला ते शोधणारा) माणूस मधल्याच पॅचवर अडकतो आणि तुमच्या नावाने बोटं मोडतो. पॅच कुणाला पाठवायचा ते गेट-मेन्टेनर ही स्क्रिप्ट सांगते. पाठवायला आणि आवृत्त्या सांभाळायला मी हल्ली बी-फोर वापरतो, गिट सेंड-ईमेलनेही काही बिघडत नाही. साधा मजकूर हवा, एचटीएमएल नको, जोडपत्र नको.

पॅचच्या संदेशातली साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ २००४ पासून आहे आणि ती शोभेची नाही. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, असं तुम्ही तिथे लिहून देता. तुमच्या ड्रायव्हरमध्ये कंपनीच्या जुन्या ड्रायव्हरचे तुकडे असतील, तर मूळ लेखकाचं नाव आणि त्याची साखळी राहू द्या.

दुसऱ्या खेपेच्या शांततेबद्दल माझा अंदाज असा, की तुमचा पॅच मर्ज विंडोत जाऊन पडला. कर्नलची आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते. पहिले दोन आठवडे, म्हणजे मर्ज विंडोत, लिनस मेन्टेनरांच्या ट्री ओढून घेतात, मग आरसी१ (पहिली चाचणी आवृत्ती) येतं आणि दर आठवड्याला एक असं आरसी७ किंवा आरसी८ पर्यंत चालतं. नवं हार्डवेअर त्या दोन आठवड्यांतच आत जातं, पण ते मेन्टेनरच्या ट्रीत आणि लिनक्स-नेक्स्टमध्ये आधीच मुरलेलं असावं लागतं. लिनक्स-नेक्स्ट म्हणजे पुढच्या आवृत्तीसाठीच्या सगळ्या ट्री रोज एकत्र करून पाहण्याची जागा, २००८ पासूनची. व्यवहारात आरसी५-आरसी६ नंतर आलेली नवी गोष्ट पुढच्या फेरीवर जाते, आणि विंडो उघडी असताना मेन्टेनर नव्या पॅचकडे ढुंकूनही पाहत नाही. आरसी१ आल्यानंतरचा आठवडा सगळ्यात चांगला. उत्तर नाही आलं तर निदान एक आठवडा थांबा, मग त्याच धाग्यात एका ओळीची नम्र आठवण. चौथ्या दिवशी तोच पॅच पुन्हा पाठवला की रांगेत तुमचीच दोन माणसं उभी राहतात आणि कुणाकडे बघायचं ते मेन्टेनरला कळेनासं होतं.

आता चाचणी. हिचे दोन भाग आहेत: हार्डवेअर नसलेल्या माणसालाही करता येईल ती, आणि फक्त तुम्हीच करू शकाल ती.

पहिल्या भागातलं काहीही बॉटसाठी शिल्लक ठेवू नका. चेकपॅच (कोडची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट), वॉर्निंगची वरची पातळी लावून बिल्ड, मग कोड न चालवता चुका शोधणारं स्पार्स, जमल्यास स्मॅच. पण सगळ्यात जास्त लोक सापडतात ते दुसऱ्या आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या प्रकारावर). तुमचा बोर्ड ६४-बिट, तिथे ६४-बिटचा भागाकार साध्या भागाकाराच्या चिन्हाने होतो. तोच कोड ३२-बिट आर्मसाठी बांधला की लिंक करताना एक अनोळखी फंक्शन सापडत नाही म्हणून बिल्ड पडतं, कारण कर्नलमध्ये त्यासाठी डिव्ह-यू६४ सारखी फंक्शनं वापरायची असतात. दाबाच्या भरपाईच्या (कच्च्या आकड्यावरून खरा दाब काढण्याच्या) सूत्रात असा भागाकार हमखास येतो. म्हणून निदान एका ३२-बिट आणि एका ६४-बिट आर्किटेक्चरवर ऑलमॉडकॉन्फिगने (जवळपास सगळे भाग चालू करणाऱ्या सेटिंगने) बांधून पाहा. बॉटने तरीही काही पकडलं आणि तुम्ही पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त केलंत, तर बॉटच्या नावाची रिपोर्टेड-बाय ओळ घालू नका. अजून आत न गेलेल्या पॅचमधली चूक होती ती, बॉटच्या मेलमध्येही हेच लिहिलेलं असतं.

भरपाईच्या सूत्रासाठी केयुनिटची (कर्नलच्या चाचणी-चौकटीची) छोटी चाचणी लिहिलीत तर फार उत्तम. डेटाशीटमध्ये नमुन्याचे कच्चे आकडे आणि त्यांचं अपेक्षित उत्तर दिलेलं असेल, तर तेच घ्या. पाच वर्षांनी कुणी ते फंक्शन सुटसुटीत करायला घेतलं, तर चिप नसतानाही त्याला कळेल की उत्तर बदललं. ५.५ पासून ही सोय कर्नलमध्येच आहे, तरी ड्रायव्हरवाले ती अजून फार कंजूषपणे वापरतात.

दुसरा भाग तुमचा एकट्याचा. ‘वाचन बरोबर येतं’ ही यातली सगळ्यात सोपी पायरी. वेगळा डीबग कर्नल बांधा, त्यात केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं), लॉकडेप (लॉकांच्या चुका पकडणारं), चुकीच्या जागी झोपणारा कोड पकडणारी तपासणी आणि केमेमलीक (मेमरीची गळती पकडणारं) चालू करा. मग ड्रायव्हर जोडणं आणि सोडणं हे सिसएफएसमधून (कर्नलच्या सेटिंगच्या फायलींतून) शेकडो वेळा करा, तेही सेन्सर इंटरप्ट (प्रोसेसरचं लक्ष वेधणारा इशारा) देत असताना.

हे मी का सांगतोय, ते माझ्याच फजितीवरून कळेल. माझ्या एका ड्रायव्हरमध्ये इंटरप्ट आला की डिलेड वर्क (थोड्या वेळाने करायचं काम) लागायचं आणि ते वर्क चिप वाचायचं. मेमरी आणि इंटरप्ट दोन्ही डेव्हएम पद्धतीने घेतले होते, म्हणजे ड्रायव्हर सुटल्यावर ते आपोआप परत जातात. वर्क रद्द करणं तेवढं मी रिमूव्हमध्ये हाताने करत होतो. वाचायला अगदी निर्दोष. पण क्रम पाहा: आधी रिमूव्ह चालतं, त्यात वर्क रद्द होतं. त्यानंतर डेव्हएमवाल्या गोष्टी उलट्या क्रमाने सुटतात, आधी इंटरप्ट, मग मेमरी. रिमूव्ह संपल्यापासून इंटरप्ट सुटेपर्यंतच्या फटीत एक इंटरप्ट आला की तो पुन्हा वर्क लावतो, तेवढ्यात मेमरी जाते आणि वर्क मोकळ्या केलेल्या मेमरीवर चालतं. साध्या कर्नलवर महिनोन्महिने काही दिसलं नाही. केसॅन लावून लूप चालवला तेव्हा सातशेच्या आसपास फेऱ्यांनंतर एकदाचा यूज-आफ्टर-फ्री छापला गेला. दुरुस्ती चार ओळींची होती: वर्क रद्द करणंही डेव्हएमकडेच द्यायचं आणि ते इंटरप्ट मागण्याच्या आधी नोंदवायचं, म्हणजे सुटताना आधी इंटरप्ट जाईल आणि मग वर्क रद्द होईल. मुरलेला रिव्ह्यूअर ‘डेव्हएम आणि हाताने सोडणं यांची भेसळ करू नका’ म्हणतो, त्यामागे हे असतं. ते वाक्य मला आधी निव्वळ कटकट वाटायचं.

सस्पेंड-रिझ्यूमही विसरू नका. रेग्युलेटर खरोखर बंद होत असेल तर चिपची सगळी रजिस्टर सेटिंग उडतात आणि जाग आल्यावर सेन्सर मुकाट्याने शून्य देत बसतो. तुमच्या बोर्डावर वीज कायम चालू असेल तर हे तुम्हाला कधीच दिसणार नाही. अशा वेळी वीजपुरवठ्याची तार काढून बाहेरून स्विच लावा, किंवा प्रामाणिकपणे लिहा की हा भाग तपासलेला नाही. रेग्युलेटरचा ड्रायव्हर उशिरा लोड झाला तर प्रोब (ड्रायव्हरने चिप शोधून सुरू करणं) डिफर होतं, म्हणजे पुढे ढकललं जातं. त्या वेळी लॉगमध्ये लाल अक्षरांची रांग उमटते की ड्रायव्हर गप्प राहून पुन्हा प्रयत्न करतो, तेही पाहा. आणि सेन्सर उपटून प्रोब करा. चिपने उत्तर दिलं नाही तर ड्रायव्हरने सभ्यपणे माघार घ्यावी, पॅनिक (अख्खा कर्नल कोसळणं) नको.

हे सगळं केलंत तर ते कव्हर लेटरमध्ये (मालिकेच्या सुरुवातीच्या पत्रात) लिहा. माझा नमुना असा असतो: ‘अमुक बोर्डावर, आयआयओच्या टेस्टिंग ब्रँचवर, केसॅन आणि लॉकडेप चालू ठेवून तपासला. जोडणं-सोडणं एक हजार वेळा, सस्पेंड-रिझ्यूम पन्नास वेळा. ३२-बिटवर फक्त बिल्ड केला आहे. एसपीआय बसची बाजू तपासलेली नाही, म्हणून ती या मालिकेत नाही.’ शेवटच्या दोन वाक्यांनी विश्वास कमी होत नाही, वाढतो. बोर्ड नसलेल्या माणसाला तुमच्या शब्दाशिवाय दुसरा आधार काय?

कमिट संदेशाचंही असंच. यूएसबी मोडेमचा आयडी घालणारे पॅच पाहा. बदल एका ओळीचा असतो, पण संदेशात यूएसबी-डिव्हायसेस आज्ञेचं पूर्ण आउटपुट आणि कुठला इंटरफेस एटी कमांडचा, कुठला नेटवर्कचा, कुठला डायग्नोस्टिकचा हे लिहावं लागतं. कारण नेटवर्कच्या इंटरफेसवर सिरियल ड्रायव्हर चुकून बसला की मोडेमचं इंटरनेट बंद, आणि तो मोडेम नसलेल्या मेन्टेनरला हे तपासण्याचा दुसरा मार्गच नाही. असे आयडी घालणारे पॅच जुन्या स्टेबल कर्नलमध्येही घेतले जातात, तिथे नवा ड्रायव्हर जात नाही.

रिव्ह्यूला उत्तर देताना प्रत्येक मुद्द्याखाली तिथेच उत्तर द्या, ‘ठीक, व्ही३ मध्ये करतो’ एवढंही चालतं. पटलं नाही तर डेटाशीटचं पान सांगून लिहा. गप्प राहून मुद्दा गिळला की पुढच्या आवृत्तीत तोच मुद्दा दुप्पट जोराने येतो. मिळालेले रिव्ह्यूड-बाय (तपासणाऱ्याच्या संमतीच्या ओळी) पुढच्या आवृत्तीत स्वतः घाला, पण कोड मुळापासून बदलला असेल तर काढा आणि का काढले ते कमिट संदेशानंतरच्या तीन रेघांच्या खाली लिहा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आता घाई करू नका. मालिका आरसी१ वर आणा, बाइंडिंग पहिल्या पॅचमध्ये वेगळं काढा, दाबाचं एकक किलोपास्कल करा, भागाकार दुरुस्त करा. मेन्टेनर्स फाइलमध्ये स्वतःचं नाव घाला, आणि पत्ता असा द्या जो नोकरी बदलल्यावरही चालेल. मग केसॅनचा कर्नल बांधून तो लूप रात्रभर चालू ठेवा. सकाळी लॉग कोरा असेल तर व्ही३ पाठवा. काही छापलेलं असेल तर त्याचे स्टॅक ट्रेस मला दाखवा, मिळून पाहू.